विंबल्डनचे वाढदिवस : वर्षं दीडशे, स्पर्धा एकशे चाळिसावी?

रेषेबाहेर

मंडळी, एक हिशेब डोक्यात अडकून बसलाय, तो इथे ओततो.

पहिली विंबल्डन स्पर्धा जुलै १८७७ मध्ये झाली, म्हणजे २०२७ मध्ये दीडशे वर्षं पूर्ण. पण २०२५ ची स्पर्धा १३८ वी होती. त्या हिशेबाने २०२७ ची १४० वी. मधली कुठे गळाली ते शोधायला वेळ लागला नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १८ अशी चार, दुसऱ्यात १९४० ते ४५ अशी सहा आणि २०२० ची करोनामुळे एक.

खरी गंमत पुढेच आहे. स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने सुवर्णमहोत्सव साजरा केला १९२६ मध्ये. १८७७ मध्ये पन्नास मिळवा बरं! उत्तर १९२७ येतं. आणि शताब्दी मात्र १९७७ मध्ये, चोख शंभर वर्षं भरल्यावर. म्हणजे पन्नाशी 'लागली' म्हणून साजरी झाली आणि शंभरी 'भरली' म्हणून. त्यात १९२६ ची स्पर्धा होती ४६ वी आणि १९७७ ची ९१ वी. आकड्याने शंभरावी स्पर्धा झाली थेट १९८६ मध्ये.

एका क्लबच्या एका स्पर्धेला इतके वाढदिवस! तुमच्या मते खरा कुठला? या सोहळ्यांबद्दल वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं काही असेल तर जरूर लिहा.

नेटकॉर्ड

यात कोडं कसलं? आमच्या आजोबांची पंच्याहत्तरी दोनदा झाली होती. एकदा काकांनी केली, पंच्याहत्तरावं लागलं म्हणून. वर्षभराने आत्याने केली, पूर्ण झालं म्हणून. आजोबा दोन्ही वेळा जेवले.

अर्धवट गणिती

रेषेबाहेर, अजून एक घोळ राहिलाच तुमचा. १८७७ मध्ये फक्त पुरुष एकेरी होती. महिला एकेरी सुरू झाली १८८४ मध्ये. त्यामुळे महिलांची शताब्दी वेगळी, १९८४ मध्ये. आणि आकड्याने महिलांची शंभरावी स्पर्धा? १८८४ ते १९९३ मोजून ११० वर्षं, वजा दोन युद्धांची दहा. म्हणजे १९९३.

शिवाय क्लबचा जन्म स्पर्धेच्या आधीचा, १८६८ चा. तेव्हा तो नुसता क्रोकेचा (लाकडी हातोडीने चेंडू कमानींतून घालवायचा खेळ) क्लब होता. त्याची दीडशे वर्षं २०१८ मध्येच भरली. बघा, किती केक कापायचे ते.

जुई

१९९३!! म्हणजे याना नोवोत्ना रडली ती शंभरावी होती?

तो सामना मी टीव्हीवर पाहिलाय. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३०. तिथून दुहेरी चूक झाली आणि मग सगळंच हातातून निसटत गेलं. स्टेफी ग्राफने सेट ६-४ घेतला. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून नोवोत्ना हमसून हमसून रडली. मी स्टेफीच्या बाजूची होते, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यावर 'शंभरावी' असा शिक्का आहे हे आज कळलं. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये ती जिंकली तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ओली हिरवळ

सगळे शताब्दीवर उड्या मारताहेत, पण जन्म कसा झाला ते तर बघा. मला १८७७ ची स्पर्धा या सगळ्या सोहळ्यांपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यात सोहळा असा काही नव्हताच.

जागा आत्ताची नव्हे. वॉर्पल रोडवरचं जुनं मैदान. क्लबने नुकतंच नावात 'लॉन टेनिस' जोडलं होतं. प्रवेश फी एक गिनी. नावं आली बावीस, त्यातला एक फिरकलाच नाही. 'द फील्ड' या साप्ताहिकाने पंचवीस गिनींचा चांदीचा चषक दिला. आता बावीसचे अकरा, अकराचे सहा, सहाचे तीन. तिघांत उपांत्य फेरी कशी खेळवणार? चिठ्ठीत विल्यम मार्शलचं नशीब उघडलं आणि तो न खेळता अंतिम फेरीत.

हा अंतिम सामनासुद्धा लगेच झाला नाही. मध्ये ईटन विरुद्ध हॅरो हा शाळांचा क्रिकेट सामना लॉर्ड्सवर होता, म्हणून टेनिस थांबवलं. शाळेतल्या पोरांच्या क्रिकेटसाठी विंबल्डन थांबलं होतं, हे आज सांगून कुणाला पटेल? मग पाऊस आला. शेवटी १९ जुलैला ओल्या गवतावर स्पेन्सर गोरने मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं गुंडाळलं. बघायला दोनेकशे माणसं, प्रत्येकी एक शिलिंग देऊन आलेली.

गोर मूळचा रॅकेट्स (भिंतीवर चेंडू मारायचा खेळ) आणि क्रिकेट खेळणारा. त्याने जाळ्याजवळ येऊन चेंडू हवेतच परतवायला सुरुवात केली, बाकीचे मागे उभे राहून टोलवत बसले होते. आणि या पहिल्या विजेत्याचं मत काय, तर हा खेळ फारच एकसुरी आहे आणि इतर खेळांत रमलेला माणूस याच्या नादी लागायचा नाही. पुढे त्याने तसं लिहूनही ठेवलं.

स्पर्धा भरवण्यामागचं कारण म्हणून नेहमी सांगतात की हिरवळीवर फिरवायचा, घोडा जुंपायचा रोलर नादुरुस्त झाला होता आणि त्याला पैसे हवे होते. सगळं उरकल्यावर क्लबच्या हातात दहा पौंड उरले.

पण एक गोष्ट या हौशी मंडळींनी अशी करून ठेवली की आजतागायत कुणी हलवलेली नाही. आधी कोर्ट वाळूच्या घड्याळासारखं, मध्ये चिंचोळं असायचं. या स्पर्धेसाठी ते सरळ आयत केलं : ७८ फूट लांब, २७ फूट रुंद. एकेरीचं कोर्ट आजही तेवढंच आहे. जाळी मात्र कडेला पाच फूट उंच होती, म्हणजे कपडे वाळत घातल्यासारखी मध्ये लोंबत असणार.

चहाबाज

माझ्या नावाला जागून एक भर घालतो. दुसऱ्या वर्षीचा विजेता फ्रँक हॅडो हा सिलोनमधला चहामळेवाला! सुटीवर मायदेशी आला होता. गोर जाळ्याशी चिकटून उभा राहतो हे पाहून गड्याने चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच मागे टाकायला सुरुवात केली. टेनिसमधल्या लॉबची ओळख लोकांना झाली ती इथे. चषक घेतला आणि परत चहाच्या मळ्यात. विजेतेपद राखायला पुन्हा आलाच नाही.

पुढचं ऐका. १९२६ च्या ज्या सुवर्णमहोत्सवावर रेषेबाहेर यांचा राग आहे, त्याला हा हॅडो आला होता. वय ७१. राणी मेरीच्या हस्ते पदक घेतलं. क्लबने १९२७ पर्यंत वाट बघितली असती तर काय बिघडलं असतं ते ठाऊक नाही, पण म्हातारी माणसं हयात असताना सत्कार उरकून घ्यावा हे मला पटतं.

रेषेबाहेर

चहाबाज, राग नाही हो, कुतूहल आहे! हॅडोचं माहीत नव्हतं. तुमच्यामुळे १९२६ बद्दल अजून वाचलं. हे वर्ष म्हणजे स्वतंत्र धाग्याचा ऐवज.

राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी हजर, जुने विजेते रांगेने पदकं घेताहेत, आणि राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, चक्क पुरुष दुहेरीत खेळायला उतरलेला. डावखुरा होता. जोडीदार लुई ग्रेग. समोर कोण, तर आर्थर गोर आणि रोपर बॅरेट. (आडनाव तेच असलं तरी हा गोर वेगळा.) दोघांचं वय मिळून ११०. राजपुत्र तिशीतला. निकाल : म्हाताऱ्यांनी ६-१, ६-३, ६-२ असं पाणी पाजलं. राजघराण्यातलं माणूस मुख्य स्पर्धेत खेळायची ती पहिली आणि शेवटची वेळ.

याच राजपुत्राच्या घरी त्याच वर्षी २१ एप्रिलला मुलगी झाली होती. म्हणजे बाबा विंबल्डनवर हरत होते तेव्हा ती दोन महिन्यांची. ५१ वर्षांनी शताब्दीला महिला विजेतीच्या हातात बक्षिसाचं ताट द्यायला तीच आली, राणी एलिझाबेथ म्हणून.

जुई

आई गं, काय योग आहे! आणि १९२६ म्हणजे सुझान लाँग्लेनचं वर्ष ना? राणीला ताटकळत ठेवल्याचं?

रेषेबाहेर

तेच. सामन्याच्या वेळेचा गोंधळ झाला. निरोप तिच्यापर्यंत पोचला नाही असं ती म्हणाली, आणि राणी मेरी रॉयल बॉक्समध्ये बसून राहिली. वर्तमानपत्रांनी फाडून खाल्लं. सहा वेळा एकेरी जिंकलेली बाई, पण लोक असे फिरले की तिने मधूनच माघार घेतली, त्याच वर्षी व्यावसायिक झाली आणि विंबल्डनला पुन्हा कधी खेळली नाही. सुवर्णमहोत्सवाने आपली सर्वांत मोठी खेळाडू गमावली.

शुक्रतारा

उशिरा येतोय. १९७७ बद्दल कुणीच सविस्तर लिहिलेलं दिसत नाही, तेव्हा म्हाताऱ्याने लेखणी उचलावी.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा. टीव्हीवर विंबल्डन दिसण्याचा प्रश्नच नव्हता. थोरल्या भावाचा ट्रान्झिस्टर आणि बीबीसीचं समालोचन, तेही लाटांसारखं येणारं जाणारं. स्कोअर नेमका खरखरीत बुडायचा. भाऊ ट्रान्झिस्टर खिडकीच्या गजाला लावून धरायचा आणि मी वहीत आकडे लिहायचो.

पहिल्या दिवशी, २० जूनला, तेव्हा हयात असलेल्या ५२ एकेरी विजेत्यांपैकी ४१ जण सेंटर कोर्टवर, म्हणजे मुख्य कोर्टवर आले. प्रत्येकाला ड्यूक ऑफ केंटच्या हातून चांदीचं पदक. गैरहजर राहिलेल्यांतला एक तर क्लबच्या आवारातच होता! जिमी कॉनर्स, १९७४ चा विजेता. सगळे पदकं घेत होते तेव्हा हा बाजूच्या कोर्टवर इली नास्तासे या खेळाडूबरोबर सराव करत होता. दुसऱ्या दिवशी सेंटर कोर्टवर पाऊल टाकलं आणि लोकांनी हुर्यो उडवली. विंबल्डनच्या प्रेक्षकांनी हुर्यो! समालोचकाचा आवाजसुद्धा अवघडला होता.

महिलांत व्हर्जिनिया वेड. सोळाव्यांदा खेळत होती, बत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर. दर वर्षी घरच्या लोकांच्या अपेक्षा आणि दर वर्षी निराशा. उपांत्य फेरीत ख्रिस एव्हर्टला हरवलं. अंतिम सामन्यात बेटी स्टोवेविरुद्ध पहिला सेट ४-६ गेला तेव्हा भाऊ म्हणाला, झालं, हिचं हे नेहमीचंच. पुढचे दोन ६-३, ६-१. राणीच्या राज्यारोहणाचं पंचविसावं वर्ष, स्पर्धेची शताब्दी आणि जिंकली इंग्लंडची बाई. गोष्टीत लिहिलं असतं तर कुणी खोटं म्हणालं असतं. त्याआधी राणी विंबल्डनला आली होती १९६२ मध्ये, आणि नंतर थेट २०१० मध्ये.

पुरुषांत अठरा वर्षांचा मॅकेन्रो पात्रता फेरीतून उपांत्य फेरीपर्यंत आला, तिथे कॉनर्सने थांबवलं. दुसऱ्या उपांत्य सामन्यात बोर्ग आणि गेरुलायटिस, पाचवा सेट ८-६. जाणते लोक म्हणतात की शताब्दीचा खरा अंतिम सामना तोच. प्रत्यक्ष अंतिम सामन्यात बोर्गने कॉनर्सला पाच सेटमध्ये हरवलं. पाचव्यात ४-० वरून कॉनर्सने ४-४ केले होते. शेवटी ६-४ बोर्ग. भावाने ट्रान्झिस्टरचा पापा घेतला होता. ती वही पुढे घर बदलताना गेली.

बॅकहँड बंडू

काका, दंडवत. वहीबद्दल वाचून हळहळलो.

पण कॉनर्सची बाजू घेतो. त्याच्या उजव्या अंगठ्याला दुखापत होती, पट्टी बांधून खेळत होता. स्पर्धेआधी हाताचा अंदाज घ्यायचा की फोटोसाठी उभं राहायचं? खेळाडूने खेळावं.

शुक्रतारा

बंडू, कॉनर्स डावखुरा होता.

बॅकहँड बंडू

बॅकहँड दोन्ही हातांनी मारायचा ना पण! माझ्या नावात काय आहे ते बघा. :)

नेटकॉर्ड

वाद मिटेपर्यंत बंडू हजेरी चुकवून सराव करत बसणार बहुतेक.

टपालपेटी

बंडूच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, फक्त अंगठ्याचं नाही. हा सोहळा नेमका कुणाचा? ही स्पर्धा देशाच्या संघटनेची म्हणून जन्मली नाही, एका खासगी क्लबची म्हणून जन्मली, आणि आजही ती त्या क्लबच्याच अंगणात होते. पूर्ण सदस्य जेमतेम पावणेचारशे. एकेरी जिंकलात की मानद सदस्यत्व मिळतं, तेही क्लबने दिलं तर. १९८१ मध्ये मॅकेन्रो जिंकला, पण पंचांशी घातलेल्या वादांमुळे त्याला ते लगेच दिलं नाही. विजेत्यांच्या मेजवानीला तोही गेला नाही. फिट्टंफाट.

या क्लबचा आत्मविश्वास चषकावर वाचा. १८८७ पासून जो सोन्याचा मुलामा दिलेला चषक आहे, त्यावर कोरलंय की ही एकेरीची जगज्जेतेपदाची स्पर्धा आहे. तेव्हा जग म्हणजे मुख्यतः ब्रिटिश बेटं. बाहेरून येऊन पहिल्यांदा जिंकली ती अमेरिकेची मे सटन, १९०५ मध्ये, आणि तीसुद्धा जन्माने इंग्लंडमधलीच. पुरुषांत ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रुक्स, १९०७. आधी पाटी लावली, मग जग आलं. त्या चषकाच्या टोकावर अननस आहे, तो का आहे हे विचारू नका.

आधीचे दोन चषक विल्यम रेनशॉने लागोपाठ तीन तीनदा जिंकून घरी नेले. तेव्हापासून क्लबने ठरवलं की चषक कुणालाच कायमचा द्यायचा नाही.

अर्धवट गणिती

+१. आणि 'अंगण' म्हणालात त्यावरून : अंगणसुद्धा बदललंय. आत्ताच्या चर्च रोडच्या जागेला शंभर वर्षं झाली ती २०२२ मध्ये. म्हणजे अजून एक शताब्दी! वॉर्पल रोडचं जुनं मैदान आता एका शाळेच्या मुली वापरतात.

'सेंटर कोर्ट' हे नावही जुन्या जागेचं. तिथे मुख्य कोर्ट खरोखरच मधोमध होतं. नव्या जागेत नाव तेच आणलं, पण कोर्ट मध्यभागी नव्हतं. १९८० मध्ये उत्तरेला चार नवी कोर्टं झाली तेव्हा नाव पुन्हा खरं ठरलं. ५८ वर्षं खोट्या पत्त्यावर टपाल येत होतं, टपालपेटी.

ओली हिरवळ

१९२२ चं उद्घाटन म्हणजे माझ्या नावाचाच विषय. पावसाने पंधरवडाभर छळलं. पहिल्या दिवशी, २६ जूनला, पाचव्या जॉर्जने घंटेवर तीन ठोके दिले, ताडपत्री काढली आणि खेळ सुरू. लेस्ली गॉडफ्रीने पहिली सर्व्हिस केली, समोरच्या अल्जर्नन किंग्जकोटने ती जाळ्यात मारली. गॉडफ्री धावत पुढे गेला आणि तो चेंडू खिशात घातला, आठवण म्हणून. सेंटर कोर्टवरचा पहिला गुण आणि पहिली चोरी एकाच वेळी.

किंग्जकोटचा जन्म बंगळूरचा, हे खास आपल्यासाठी. गॉडफ्रीने पुढे किटी मकेनशी लग्न केलं, आणि १९२६ च्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेत दोघांनी मिळून मिश्र दुहेरी जिंकली. नवराबायकोने विंबल्डनची मिश्र दुहेरी जिंकल्याचं तेवढं एकच उदाहरण. किटीने त्याच वर्षी एकेरीही जिंकली. हिशेब चुकलेला असेल, पण १९२६ सारखं भरगच्च वर्ष दुसरं नाही.

जुई

२०२२ चा सोहळा मी पाहिला. मधल्या रविवारी, ३ जुलैला. पूर्वी मधल्या रविवारी सुटी असायची. त्या वर्षापासून ती कायमची गेली, आणि पहिल्याच रविवारी हा कार्यक्रम. रॉड लेव्हर, बिली जीन किंग, एकेक जण येत होते आणि टाळ्या चढत होत्या. नवरातिलोवा करोनामुळे येऊ शकली नाही. मग फेडरर सूट घालून आला. अजून एकदा इथे खेळायची आशा आहे असं म्हणाला आणि माझ्यासारख्या वेड्यांनी ते खरं मानलं. सप्टेंबरमध्ये निवृत्ती. तो सूटच सांगत होता, आम्ही ऐकलं नाही.

टपालपेटी

त्या वर्षीची दुसरी बाजूही नोंदवतो. युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे क्लबने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला. पुरुष आणि महिला टेनिसच्या संघटनांनी उलट स्पर्धेचे क्रमवारीचे गुणच काढून घेतले. म्हणजे सेंटर कोर्टच्या शताब्दीची स्पर्धा गुणांच्या दृष्टीने शून्य. आणि महिलांत जिंकली कोण, तर एलेना रिबाकिना. कझाकस्तानकडून खेळणारी, जन्म मॉस्कोचा.

मला ती मज्जावाची भूमिका तेव्हाही पटली नव्हती. खेळाडूने पासपोर्टची शिक्षा भोगू नये. इथे बऱ्याच जणांना पटणार नाही, माहीत आहे. पुढच्या वर्षी क्लबने स्वतःच निर्णय बदलला.

अर्धवट गणिती

यावर वेगळा धागा काढा, इथे पेटेल.

गळालेल्या वर्षांकडे वळतो. १९४० च्या ११ ऑक्टोबरच्या रात्री बॉम्ब पडला तो सेंटर कोर्टच्या छपरावर. बाराशे आसनं गेली. आवारात डुकरं, कोंबड्या, बदकं, ससे पाळले होते, मोटारी लावायच्या जागेत भाजीपाला. १९४६ ला स्पर्धा परत सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जात भगदाड तसंच होतं. त्या सहा वर्षांचे क्रमांक यादीत नाहीत. क्लब मात्र जिवंत होता, तबेला होऊन का असेना. म्हणून मी म्हणतो, वर्षं मोजा, स्पर्धा मोजू नका.

बॅकहँड बंडू

उलट! जी झालीच नाही ती कशी मोजणार? मी जिममध्ये पाच वर्षांचा सभासद आहे, गेलोय अकरा वेळा. २०२० चं मात्र कौतुक : साथीच्या रोगाचा विमा आधीपासून काढून ठेवला होता, त्यामुळे स्पर्धा न होताही सहाशेवर खेळाडूंना मिळून एक कोटी पौंड वाटले.

चहाबाज

अवांतर : या सगळ्या सोहळ्यांत कुणी भारतीय?

शुक्रतारा

१९७७ च्या त्या रांगेत नव्हता, कारण मोठ्यांची एकेरी भारतीयाने अजून जिंकलेली नाही. सर्वांत जवळ गेले रामनाथन कृष्णन. १९६० ला उपांत्य फेरीत नील फ्रेझरकडून हरले, १९६१ ला रॉड लेव्हरकडून, आणि दोन्ही वेळा समोरचाच विजेता झाला. १९६२ ला चौथं मानांकन होतं, तेव्हा घोट्याने दगा दिला. मुलांची स्पर्धा मात्र त्यांनी १९५४ मध्ये जिंकली, मुलगा रमेशने १९७९ मध्ये, लिएंडर पेसने १९९० मध्ये.

आपल्या माणसांनी विसरलेलं एक नाव : लीला राव. विंबल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, १९३४ साली. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी. आई स्वतःही टेनिस खेळायची. म्हणजे शंकर पांडुरंग पंडित यांची नात! वेदांचे अभ्यासक आजोबा, संस्कृत महाकाव्यं लिहिणारी आई आणि विंबल्डन खेळणारी नात. आपण लक्षात कुणाला ठेवतो आणि कुणाला नाही, याचं मला कोडं आहे.

जुई

काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. लीला राव यांच्यावर तुम्ही वेगळं लिहाच. वाट बघते.

रेषेबाहेर

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच चांगला गेला. सगळ्यांचे आभार. एक नवी नोंद सापडली : १९७७ मध्ये राणीचा रौप्यमहोत्सव होता, आणि २०२२ मध्ये सेंटर कोर्टची शताब्दी तेव्हा तिची सत्तर वर्षं. क्लबचे दोन मोठे सोहळे आणि राणीचे दोन. १९२६ तर तिचं जन्मवर्षच. या वेळी २०२७ मध्ये मात्र ती नाही.

बाकी माझा प्रश्न तसाच आहे. बंडू स्पर्धा मोजतोय, गणिती वर्षं मोजताहेत, चहाबाज म्हाताऱ्यांची तब्येत मोजताहेत.

नेटकॉर्ड

एक राहिलंच. २०२५ पासून रेषापंच काढले, आता यंत्रच 'आऊट' ओरडतं. सगळीकडे बातमी होती की १४७ वर्षांची परंपरा संपली. १८७७ ते २०२४, वर्षं बरोबर. पण स्पर्धा झाल्या १३७. मग परंपरा १४७ ची की १३७ ची? रेषापंच दहा वर्षं घरीच बसले होते ना.

अर्धवट गणिती

चुकलात. २०२४ ची १३७ वी हे बरोबर. पण १८७७ ते २०२४ दोन्ही टोकं धरून वर्षं १४८ होतात. १४८ वजा ११, म्हणजे १३७. घरी अकरा वर्षं बसले.

नेटकॉर्ड

म्हणजे १४७ हे 'पूर्ण' आणि १४८ वं 'लागलेलं'?

रेषेबाहेर

आजोबांना परत जेवायला बोलवा.